एक्केचाळिसावा अभिप्राय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आगाराचे व्यवस्थापक साहेब; धूर नियंत्रण कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय प्रमुख पाहुणे; त्यांच्या शेजारी बसलेले आपल्या वर्कशॉपचे प्रमुख; ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो आहोत, निदान मी तरी जमलो आहे, ते आजचे सत्कारमूर्ती दादा; पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, त्यांची लेक, जावई आणि नात; आणि सकाळची पाळी संपवून अंग न टेकता आलेल्या माझ्या चालक, वाहक, मेकॅनिक आणि कचेरीतल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी या आगारातला चालक आणि गेली सहा वर्षं चालकांचा प्रतिनिधी. म्हणजे तुमचं गाऱ्हाणं वर पोचवणारा माणूस. निदान तसा समज आहे. निवृत्त होणाऱ्याने आपल्या समारंभात कोणी बोलायचं ते स्वतः सांगायचं, अशी आपल्याकडची पद्धत. दादांनी माझं नाव दिलं. आठवडाभर मी विचार करत होतो, यांनी माझंच नाव का दिलं असेल?

गोड बोलायचं असं ठरवूनच मी आलो होतो. भाषण लिहून आणलंय, ते या खिशात आहे. पण हॉलमध्ये शिरलो आणि हा फलक पाहिला. तुमच्या समोरच आहे, पाहा. एवढं मोठं हिरवं पान. पानावर लिहिलंय, 'स्वच्छ हवा आगार, प्रथम क्रमांक'. आणि खाली, देठापाशी, बारीक अक्षरात, 'तसेच सेवानिवृत्तीनिमित्त सत्कार'. दोन कार्यक्रम एका दुपारीच उरकले. हॉल तोच, खुर्च्या त्याच, पुष्पगुच्छवालाही तोच. काटकसर कोणाला आवडत नाही? पण तेहतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला 'तसेच' म्हणून देठाला लटकवलेलं पाहून मी ते भाषण खिशातच ठेवलं. ते सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही, म्हणून सांगून टाकलं.

आता दादांविषयी. नव्या मुलांना ठाऊक नसेल, दादांचं आगारातलं नाव 'सावकाश'. थांबा आला, दार उघडलं, की दादा म्हणणार, "सावकाश." चढणाऱ्यालाही, उतरणाऱ्यालाही. आम्ही त्यांची नक्कल करायचो. मी तर फार छान करायचो, वहिनींसमोरही केलेली आहे. एकदा एक प्रवासी चिडला. म्हणाला, "अहो, मला घाई आहे, सावकाश काय?" दादा म्हणाले, "तुम्ही घाई करा. मी सावकाश उभा राहतो." तो माणूस हसत उतरला. दादांनी आरशात तो फुटपाथवर पोचलेला पाहिला, मगच गाडी हलवली. आमच्यापैकी कितीजण तसं पाहतात? मी पाहत नाही. मी खरं सांगतोय.

पाहुण्यांसाठी थोडं आमच्या कामाचं सांगतो. गेल्या वर्षी नवा नियम आला. उभ्या बसचं इंजिन मिनिटभराहून जास्त चालू दिसलं, तर आगाराला हिरवा स्टिकर नाही. आणि स्टिकर नसेल, तर बसला बाजारपेठेच्या भागात शिरता येणार नाही. मग आमच्या जुन्या बसना ती यंत्रणा बसवण्यात आली. गाडी थांबवून ब्रेक पूर्ण दाबला की इंजिन आपोआप बंद. पाय उचलला की आपोआप चालू. तिला एक लांबलचक नाव आहे, ते माहितीपत्रकात आहे. आमच्याकडे तिला 'डुलकी' म्हणतात. थांब्यावर आली की बसला डुलकी लागते.

नियम वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. सहा नंबरच्या मार्गावर बस चालवणाऱ्या आमच्या ताई समोर बसल्या आहेत, त्यांनी मला एकदा सुनावलं होतं. म्हणाल्या, "आपण उंच सीटवर बसतो, आपल्याला काय कळणार? थांब्यावर उभ्या राहिलेल्या लहान पोराचं नाक बरोबर सायलेन्सरच्या उंचीला येतं." धूर वाईटच. तेव्हा साहेब, माझा राग धूर कमी करण्यावर आहे असा गैरसमज करून घेऊ नये. ज्या हातांनी तो कागदावर कमी केला गेला, त्या हातांची मला किळस आली आहे, आणि त्यांतले दोन हात माझे आहेत.

डुलकीबद्दल चालकांची मतं काय होती? ती ऐकायची असतील तर चहाच्या खोलीत यायला हवं होतं. एकजण म्हणायचा, भर उन्हात इंजिन बंद, पंखे बंद, आणि शिव्या मला. दुसरा म्हणायचा, सिग्नल हिरवा होतो तेव्हा माझी गाडी जांभया देत असते आणि मागचे हॉर्न वाजवून माझा उद्धार करतात. मेकॅनिकांचं म्हणणं वेगळंच, दिवसातून तीनशे वेळा सुरू व्हायला या स्टार्टरनं नवस केला होता काय? ताई एकट्या म्हणायच्या, मला आवडते, जरा कान शांत होतात. सगळी मतं खरी होती. फक्त ती तोंडी होती.

मग बंद करायचं बटण नाही का? आहे. पण ते दाबलं की कचेरीतल्या संगणकावर नोंद होते, आणि महिन्यात पाच नोंदी झाल्या की लेखी समज. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. आम्ही म्हणजे मी. ब्रेक पूर्ण दाबायचाच नाही. अर्धा पाय ठेवायचा. मग यंत्रणेला वाटतं, गाडी अजून चालतीच आहे, आणि इंजिन सुरू राहतं. बटणाला हात नाही, नोंद नाही, समज नाही. आठवडाभरात सगळं आगार, मागच्या हॉर्नना कंटाळून ताईसुद्धा, अर्ध्या पायावर चालायला लागलं आणि मी शहाणा ठरलो.

दादांना मी ती युक्ती शिकवायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अर्ध्या पायावर गाडी इंच इंच सरकत राहते रे. उतरणाऱ्याच्या पायाखालची पायरी हलता कामा नये." मी म्हणालो, "दादा, सगळेच करतात." ते म्हणाले, "करतात, ते दिसतंय मला." एवढंच बोलून ते डबा धुवायला गेले. मी बाहेर येऊन त्यांची नक्कल केली, लोक पोट धरून हसले.

त्यानंतर अभिप्रायाचे फॉर्म आले. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. स्टिकर पक्का होण्यासाठी प्रत्येक चालकाचा लेखी अभिप्राय हवा होता. एक्केचाळीस चालक, एक्केचाळीस फॉर्म, चार वाजेपर्यंत. आता आपल्याकडे फॉर्म कसे भरतात हे या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे, पाहुण्यांना नसेल. आपण कोऱ्या फॉर्मवर सही करतो आणि प्रतिनिधीच्या हातात देतो. 'तू भर रे बाबा, माझी पाळी सुटतेय.' याला आपण विश्वास म्हणतो. माझा धरून चाळीस कोरे फॉर्म असे माझ्या टेबलावर आले.

साहेब, तुम्ही मला खोटं लिही असं म्हणाला नव्हतात. ते मी जाहीरपणे सांगतो, म्हणजे तुम्हाला तेवढं समाधान. तुम्ही एवढंच म्हणालात, "सगळे एकसारखे असले की बरं पडतं." मी खोलीचं दार लावलं, निळं पेन घेतलं आणि चाळीस वेळा लिहिलं, 'समाधानकारक, कोणतीही अडचण नाही'. पंचविसाव्या फॉर्मला हात दुखायला लागला, तेव्हा चहा मागवला. ताईंचा अभिप्रायही मीच लिहिला. त्यांना खरोखर आवडत होतं, पण त्यांना कोणी विचारलं?

एक्केचाळिसावा फॉर्म दादांचा. तो कोरा नव्हता. पानभर लिहिलेला होता, मागच्या बाजूलाही चार ओळी. दादांनी एका थांब्यावरची अडचण वर्कशॉपमध्ये दोनदा तोंडी सांगितली होती, तिथून त्यांना उत्तर मिळालं होतं की फॉर्ममध्ये लिहा. म्हणून त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं. मी ते वाचलं आणि मला त्यांचा राग आला. एक वेगळा निघाला की चाळिसांकडे कोणीतरी निरखून पाहणार. मी दुसरा कोरा फॉर्म घेतला, त्यावर तेच 'समाधानकारक' लिहिलं आणि खाली दादांची सही केली. नकला करायची सवय होतीच.

साहेबांकडून चिठ्ठी आली आहे. 'आवरते घ्यावे.' साहेब, सहा वर्षं मी तुमच्यासमोर आवरतंच घेत आलो. आज पाच मिनिटं जास्त घेतो.

फॉर्म गेले त्यानंतर तीन महिन्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या थांब्यावर काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. तिथे चढ आहे. दादांनी प्रवासी उतरवले, दारं लावली, ब्रेकवरचा पाय उचलला. इंजिन लागायला एक सेकंद. त्या सेकंदात बस मागे सरकू नये म्हणून ब्रेक धरून ठेवणारा एक भाग असतो, आमच्या जुन्या बसमध्ये तो झिजलेला. बस हातभर मागे आली. नुकत्याच उतरलेल्या एक बाई गाडीमागून रस्ता ओलांडत होत्या. बसचा धक्का लागून त्या पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. बाई कपडे शिवतात. म्हणजे शिवायच्या.

तोवर दादा त्या थांब्यावर प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढायचे, इंजिन लागल्यावरच सोडायचे. रोज आठ फेऱ्या. त्या दिवशी एकदा ओढायचा राहिला. हे कोणी पकडलं नाही, दादांनी चौकशीत स्वतःहून सांगितलं. मग म्हणाले, "पण हे होईल असं मी फॉर्ममध्ये लिहून दिलं होतं." चौकशी अधिकाऱ्यांनी फाईल उघडली आणि फॉर्म काढून त्यांच्यासमोर ठेवला. 'समाधानकारक, कोणतीही अडचण नाही.'

त्या खोलीत मी कुठे होतो? दादांच्या शेजारच्या खुर्चीवर. चालकाची बाजू मांडायला प्रतिनिधी लागतो ना, तो मी. दादांनी चष्मा लावला, फॉर्म पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर त्यांना न ओळखायला काय झालं? सहा वर्षं त्यांच्या रजेचे अर्ज मी लिहिले आहेत. ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "हे अक्षर माझं नाही. सहीही माझी नाही." अधिकारी म्हणाले, "मग कोणाची?" दादा म्हणाले, "ते मी नाही सांगणार." मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्यायलो. तेवढं एकच काम मी त्या दिवशी चालकांच्या वतीने केलं.

अहवालात लिहिलंय, 'निष्काळजीपणा, आणि बचावासाठी खोटी माहिती'. पुढे लिहिलंय की उरलेल्या चाळीस चालकांची यंत्रणेबद्दल काहीही तक्रार नाही, सबब दोष चालकाचा. सबब. माझी चाळीस खोटी वाक्यं एका खऱ्या माणसाविरुद्ध साक्षीला उभी राहिली. आणि त्याच चाळीस वाक्यांवर आपल्याला हे पान मिळालं. प्रमुख पाहुणे, आपण मघाशी टाळ्यांच्या गजरात जो चषक दिलात, त्यात किती धूर कमी झाला ते मला माहीत नाही. आमच्या बस त्या सगळ्या काळात अर्ध्या पायावर उभ्या होत्या, इंजिन चालू ठेवून. यंत्रणेचे नियम पाळून, इंजिन बंद करून थांब्यावर उभा राहणारा या आगारात एकच चालक होता, आणि अहवालात नाव त्याचं आहे.

चौकशीनंतर जिन्यात दादा मला म्हणाले, "मला वाटलं होतं, तू बोलशील." आवाज चढवला नाही. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. महिन्याभरानं कळलं की चालक प्रशिक्षण शाळेनं त्यांचा अर्ज परत पाठवला. निवृत्तीनंतर तिथे नव्या मुलांना शिकवायचं, हे त्यांनी दहा वर्षांपासून ठरवलेलं. वहिनींना ठाऊक आहे, त्यांनी शिकवायचे धडेसुद्धा वहीत लिहून ठेवलेत. अहवालाचा मसुदा पाहून शाळेनं कळवलं, खोटी माहिती देणाऱ्याला आम्ही मुलांसमोर उभं करू शकत नाही. शाळेचं काय चुकलं?

निवृत्त होणाऱ्याला पाच पाहुणे आणता येतात. दादांचे चार घरचे. पाचव्या, खिडकीजवळ बसलेल्या, हाताला अजून पट्टा असलेल्या, त्या शिवणकाम करणाऱ्या ताई. परवा मी त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून शर्टाला टाके घालून घ्यायला आलोय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सध्या कात्री धरता येत नाही मला. बसवाले दादा रविवारी येतात, कापड कापून देतात." मग हसून म्हणाल्या, "रेघ सरळ येत नाही त्यांची. पण कापतात मात्र सावकाश." मी तिथून उठलो तो थेट आमच्या प्रतिनिधींच्या खोलीत गेलो.

त्या खोलीतलं टेबल एका पायानं आखूड आहे. दादांचा खरा फॉर्म मी फाडला नव्हता. फाडायला धीर झाला नाही आणि द्यायलाही झाला नाही. घडी करून मी तो टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल डगमगायचं थांबलं. आठ महिने आपण सगळ्यांनी त्या टेबलावर चहा प्यायला, तक्रारी केल्या, वाढदिवसाचे केक कापले. परवा टेबल उचलून मी तो काढला. त्याला चहाचा डाग आहे आणि पायाचा वळ आहे, पण अक्षर शाबूत आहे. वाचतो.

'इंजिन बंद होण्याबद्दल माझी तक्रार नाही. सपाट रस्त्यावर ठीक चालते. मोठ्या रुग्णालयाच्या थांब्यावर चढ आहे. तिथे पाय उचलल्यावर इंजिन लागेपर्यंत गाडी हातभर मागे येते. ब्रेक धरणारा भाग झिजला आहे, वर्कशॉपला सांगितले आहे. उतरलेले लोक गाडीच्या मागून जातात, त्यांत आजारी आणि म्हातारे जास्त. ते आरशात दिसत नाहीत. मी हँडब्रेक ओढतो, पण माणसाचा हात आहे, एखादे दिवशी विसरेल. कोणाला तरी लागेल. भाग बदलेपर्यंत फक्त या एका थांब्यावर इंजिन चालू ठेवण्याची परवानगी मिळावी. बाकी सगळीकडे मी नियम पाळीन. लहान मुलांसाठी नियम चांगला आहे.'

खाली सही. ही खरी सही. हिच्यात शेवटचं अक्षर किंचित खाली उतरतं. मला ते तेव्हाही नीट जमलं नव्हतं, चौकशीत कोणी शेजारी ठेवून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण शेजारी ठेवायचा कागद टेबल धरून उभा होता.

अध्यक्ष साहेब, उद्या सकाळी अकराला अहवालावर तुमची सही व्हायची आहे. झाली की तो बंद, आणि दादांच्या सेवापुस्तकात 'खोटी माहिती' हे शब्द कायमचे. म्हणून हा कागद आणि त्यासोबत माझा दोन पानी जबाब मी तुमच्यासमोर या टेबलावर ठेवतो. जबाबाची प्रत प्रमुख पाहुण्यांच्या हातात देतो, म्हणजे कोणत्याही टेबलाचा पाय आखूड निघाला तरी अडचण नको. स्टिकर गेला तर जाऊ द्या. माझी नोकरी गेली तर तीही माझ्याच सहीनं जाईल.

आणि माझ्या एकोणचाळीस मित्रांनो, मान खाली घालू नका, मी तुम्हाला दोष द्यायला उभा नाही. दाराजवळच्या टेबलावर कोरे फॉर्म ठेवले आहेत. चहाच्या आधी आपापल्या हातानं भरा. माझ्याकडे देऊ नका, मी पेनालाही हात लावणार नाही. पंख्याचं लिहा, स्टार्टरचं लिहा, अर्ध्या पायाचंही लिहा. सहा नंबरच्या ताई, तुम्हाला आवडतं ना, मग आवडतं असंच लिहा.

दादांनी माझं नाव का दिलं, ते मला आता कळतंय. जिन्यात जे वाक्य त्यांनी म्हटलं होतं, तेच त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी माईक देऊन.

बराच वेळ घेतला. एवढं कडू ऐकूनही जागेवरून न उठलेल्या अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मी आभार मानतो. हॉल झाडून खुर्च्या मांडणाऱ्यांचेही मानतो, त्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहिलं असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पदरात घ्यावं. खिडकीजवळच्या ताई, तुमची माफी मी माईकवरून मागणार नाही, घरी येऊन मागेन. आणि दादा, तुम्ही मला केव्हाच माफ करून टाकलंय, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय आणि मला ते सोसवत नाही. तेवढं परत घ्या. निदान उद्या अकरापर्यंत.